परधानांचे गाणे आणि गोंडांची चित्रे



संगीत आणि चित्रकला यांच्या नात्याची गोष्ट निघाली म्हणजे आपणां सुशिक्षितांच्या मनापुढे प्रथम उभी राहते ती रागमाला. हातात वीणा घेऊन रानात उभी राहिलेली आणि हरिणांना मोहविणारी तोडी, झोपाळ्यावर बसलेला हिंदोल, काळ्या ढगांखाली नाचणारा मेघ, अशी रागांची शरीरे राजस्थानातील, पहाडी संस्थानांतील आणि आपल्या दख्खनेतील चिताऱ्यांनी घडविली. ती चित्रे सुंदर आहेत यात शंका नाही. तथापि तेथे गवई निराळा, चितारी निराळा, आणि दोघांचा पोशिंदा तिसराच. गाणाराच्याच हातून चित्र उतरावे, त्याच्याच कुळाने वाद्य खुंटीस लावून कुंचला हाती धरावा, अशी उदाहरणे इतिहासात फार थोडी. त्यांपैकी एक आपल्या मध्य भारतात, आणि तेही आपल्यापैकी पुष्कळांच्या हयातीत घडले. त्याची हकीकत मी आज यथामति सांगणार आहे.

गोंडी चित्रे आता शहरांतील घरांस अपरिचित राहिलेली नाहीत. ठिपक्यांनी आणि बारीक रेघांनी अंग भरलेला वाघ, शिंगांतून झाड फुटलेले हरिण, पोटात मासे घेऊन पोहणारा मासा, अशी चित्रे दिवाणखान्याच्या भिंतीवर, दिनदर्शिकेवर, पुस्तकाच्या वेष्टनावर आपण पाहतो. ती पाहून ‘आदिवासी बायका घराच्या भिंती सारवून रंगवितात, त्याचाच हा सुधारलेला प्रकार’ असे सहज म्हटले जाते. हे अर्धे सत्य आहे. उरलेले अर्धे चित्रांच्या नव्हे, गाण्याच्या इतिहासात सापडते. आणि त्या गाण्याचे काही वारस आमच्या भागात मराठी बोलतात, ही गोष्ट मराठी माणसांसच फारशी ठाऊक नाही.

मी राहणारा गडचांदूरचा. चंद्रपूर जिल्ह्याच्या दक्षिणेकडील हे गाव हल्ली सिमेंटच्या कारखान्यांमुळे लोकांस माहीत आहे. येथील दगड चुनखडीचा. एका अंगास माणिकगडचा डोंगर व त्यावरील जुना किल्ला, जवळच अमलनाल्याचे धरण, सखल भागात काळ्या जमिनीवर कापूस, आणि जिवतीकडे चढत गेले की सागवान, मोह, तेंदू व येन यांचे रान. पुस्तकात ज्यास ऐन म्हणतात त्यास आमच्याकडे येन म्हणतात. हे झाड श्रोत्यांनी लक्षात ठेवावे, पुढे त्याचे काम पडणार आहे. चांद्याचे गोंड राज्य १७५१ साली नागपूरकर भोसल्यांच्या हाती गेले. आमचा राजुरा भाग मात्र पुढे निजामाच्या राज्यात, आदिलाबाद जिल्ह्यात होता. १९५६ साली तो नांदेडास जोडला गेला आणि १९५९ साली चांदा जिल्ह्यात आला. म्हणून आमच्याकडील गोंडांचे सोयरसंबंध, त्यांचे देव आणि त्यांची गाणी चांद्याशी जितकी, तितकीच आदिलाबादशी बांधलेली आहेत. नकाशावरची रेघ सरकारने हलविली. पौषात जंगुबाईच्या दर्शनास निघालेल्या बैलगाड्यांनी ती कधीच पाहिली नव्हती.

येथे माझ्या एका चुकीची कबुली देणे प्राप्त आहे. नोकरीच्या आरंभीच्या काळात मी डोंगरावरील एका लहान गावी शाळामास्तर होतो. चित्रकलेच्या तासास मुलांना ‘जंगलातील प्राणी’ हा विषय दिला. एका परधानाच्या मुलाने हरिण काढले. हरिण मोठे ठसठशीत, परंतु त्याच्या शिंगांस फांद्या फुटलेल्या, फांद्यांस पाने, पानांत पाखरे, आणि हरिणाचे सगळे अंग आडव्या तुटक रेघांनी भरलेले. मी लाल शाईने त्यावर फुली मारली आणि खाली लिहिले, ‘झाड वेगळे काढ, हरिण वेगळे काढ.’ मुलगा हळूच म्हणाला, “गुर्जी, आज्याच्या गाण्यात असंच हाये.” मी म्हटले, “गाणे गाण्याच्या तासाला.” वर्ग हसला. त्या मुलाने त्यानंतर माझ्या तासास परिपाठात असेल तेवढेच काढले. आंबा, छत्री, तिरंगा. मी मॅट्रिक झालेला, अध्यापनाचे शिक्षण घेतलेला मनुष्य. प्रमाणबद्धता म्हणजे काय हे मला शिकविण्यात आले होते, आणि तेवढेच शिकविण्यात आले होते.

त्या आज्याचे गाणे म्हणजे काय, हे कळण्यास मला पुढे बरीच वर्षे लागली.

परधान हे गोंडांचे भाट. परंतु नुसते भाट म्हणून भागत नाही. गोंडांची कुळे देवांच्या संख्येवरून चार देवे, पाच देवे, सहा देवे, सात देवे अशी विभागलेली आहेत. प्रत्येक कुळाचा परधान परंपरेने ठरलेला. कुळाच्या देवाची, म्हणजे पेर्सा पेनची, पूजा मांडली की परधानाने किंगरी हाती घ्यावयाची आणि त्या कुळाची उत्पत्ती कशी झाली, मूळपुरुष कोणत्या गुहेतून, कोणत्या नदीवरून, कोणत्या डोंगरावरून आला, हे गावयाचे. ते गाइल्यावाचून पूजा पुरी होत नाही. लिहिलेली पोथी नाही, देवाची घडविलेली मूर्ती नाही; जे काही आहे ते परधानाच्या कंठात आणि त्याच्या किंगरीत. गोंडीमध्ये गीतास पाटा म्हणतात. परधानांस पठारी असेही नाव आहे, आणि त्या नावात हाच पाटा दडलेला असावा असे मला वाटते.

आणि तरीही या गायकाचा दर्जा यजमानाहून खालचा मानला जाई. ज्याच्या गाण्यावाचून देव उठत नाही, त्याच्या हातचे अन्न मात्र गोंड घेत नसे. अशी विसंगती आपल्या समाजातही कोठे कोठे आढळते. तिची उदाहरणे श्रोत्यांस मी सांगावी असे नाही.

१९४० साली जोडेघाटास कुमराम भीम व त्याचे सोबती निजामाच्या पोलिसांच्या गोळीबारात मारले गेले. जंगलातून आणि जमिनीवरून हुसकल्या जाणाऱ्या गोंडांचे ते बंड होते. त्यानंतर ख्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेन्डॉर्फ या ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञाने आदिलाबादच्या गोंडांत राहून अभ्यास केला. ‘द राज गोंड्स ऑफ आदिलाबाद’ हा त्यांचा ग्रंथ १९४८ साली निघाला. त्यातील पुराणकथा त्यांना मिळाल्या त्या मुख्यतः परधानांकडून. या परधानांची एक गंमत त्यांनी नोंदविली आहे. घरात, बायकामुलांशी ते मराठी बोलत. यजमानाच्या दारी गात ते गोंडीत. म्हणजे आपल्या मातृभाषेत त्यांनी संसार केला आणि दुसऱ्यांच्या भाषेत दुसऱ्यांचा इतिहास सांभाळला. ज्या सेतुमाधवराव पगडींना आपण शिवकालाचे व मोगल अमदानीचे इतिहासकार म्हणून ओळखतो, तेही तरुणपणी निजामाच्या चाकरीत असता या मुलुखात हिंडले, गोंडी आणि कोलामी शिकले, त्या भाषांची व्याकरणे त्यांनी लिहिली. पगडींच्या मराठी वाचकांपैकी किती जणांनी ती उघडून पाहिली असतील कोण जाणे.

आता आमच्या डोंगरातून उत्तरेस, नर्मदेच्या उगमाकडे, मंडला भागात जावे लागेल. कारण गाण्याचे चित्र झाले ते तेथे. तेथील परधान हे आमच्या परधानांचेच भाऊबंद. बोली निराळी, वाद्याचे नाव निराळे. आमच्याकडे किंगरी, तेथे बाना. (आपल्या मराठी बाण्याशी याचा काही संबंध नाही, एवढे सांगून ठेवतो.) लाकडाच्या कोरलेल्या पेटीवर कातडे ताणलेले, वर लांब दांडी, तीन तारा घोड्याच्या शेपटीच्या केसांच्या, आणि तसल्याच केसांच्या गजाने ते वाजवावयाचे. आवाज सारंगीसारखा गोड नाही. किंचित खरखरीत, घसा बसलेल्या माणसाच्या रडण्यासारखा.

या बान्याच्या जन्माची कथा परधान अशी सांगतात. सात गोंड भाऊ होते. धाकटा घरी, बाकीचे सहा शेतावर नांगर धरून. पांढऱ्या घोड्यावर बसून बडादेव शेताकडे आला. भावांनी त्यास ओळखले नाही. पीक तुडविले म्हणून पराण्या घेऊन त्याच्या अंगावर धावले. देव साजाच्या झाडात अदृश्य झाला. साजा म्हणजेच आमचा येन. चूक कळल्यावर सहाही जणांनी पुष्कळ विनविले, देव बाहेर येईना. तेव्हा धाकट्याने एक वाद्य घडविले, झाडाखाली बसून ते वाजविले, आणि देव प्रसन्न झाला. त्या दिवसापासून धाकट्याने शेती करावयाची नाही, बाना वाजवून देवास जागवावयाचे, आणि थोरल्यांच्या वंशाने त्याचे पोट भरावयाचे, असे ठरले. परधान हे त्या धाकट्याचे वंशज.

कथेचा खरेखोटेपणा पाहण्याचे कारण नाही. तिच्यात एक करार आहे, आणि इतिहासाच्या दृष्टीने तो महत्त्वाचा. तीन तीन वर्षांनी परधान आपल्या यजमानांच्या गावी जाई, मुक्काम करी, गोंड राजांच्या व पांडवांच्या कथा रात्ररात्र गाई, आणि धान्य, वस्त्र, क्वचित् गुरे घेऊन परते. यजमानाच्या घरी मृत्यू घडला असेल तर त्याचाही त्यास मानपान होता. हा करार मोडला तो कोणी उठून मोडला असे नाही. एकोणिसाव्या शतकात इंग्रजांनी १८६५ व १८७८ च्या कायद्यांनी जंगले राखीव केली, फिरती शेती बंद पडत गेली, जमिनी सावकारांच्या व बाहेरून आलेल्यांच्या हाती गेल्या. यजमानच जेथे मजुरीस निघाला तेथे गायकास कोण पोसणार? थोरल्या भावाची कोठी रिकामी झाली, आणि धाकट्याने बाना खाली ठेवून कुदळ घेतली.

या ऱ्हासाच्या काळी परधानांचा वृत्तांत लिहून ठेवला तो एका मराठी माणसाने. त्यांचे नाव शामराव हिवाळे. पुण्याच्या ख्रिस्त सेवा संघात त्यांची व व्हेरियर एल्विन यांची गाठ पडली, आणि १९३२ साली दोघे मंडल्याच्या करंजिया गावी जाऊन राहिले, तेथे त्यांनी गोंड सेवा मंडळ काढले. पुढे त्यांचे वास्तव्य पाटनगढ या परधानांच्या गावी झाले. एल्विन यांचे नाव जगभर झाले. हिवाळ्यांचे ‘द परधान्स ऑफ द अपर नर्बदा व्हॅली’ हे पुस्तक १९४६ साली मुंबईहून प्रसिद्ध झाले. लिहिले इंग्रजीत. मराठीत त्यांची फारशी आठवण कोणी काढीत नाही. मी जेव्हा हे नाव प्रथम वाचले तेव्हा मला लाज वाटली. परधानांची मुले माझ्या वर्गात होती, आणि त्यांच्याविषयी लिहिणारा मराठी गृहस्थ मला सेवानिवृत्तीनंतर ठाऊक झाला.

पाटनगढ हे नाव ध्यानात असू द्यावे. कारण त्याच गावी, १९६२ च्या सुमारास, जनगढ सिंग श्याम या परधान मुलाचा जन्म झाला.

भोपाळात तेव्हा भारत भवन नावाची कलासंस्था उभी राहत होती. तिची इमारत चार्ल्स कोरिया यांनी योजिली आणि ती फेब्रुवारी १९८२ मध्ये उघडली. तेथील चित्रसंग्रहाचे काम दिल्लीचे चित्रकार जगदीश स्वामिनाथन यांच्याकडे होते. शहरी आधुनिक चित्र आणि आदिवासी चित्र एकाच छपराखाली, एकाच मानाने ठेवावयाचे असा त्यांचा आग्रह. आणि माझ्या मते तो त्या काळी धाडसाचा होता. त्यांनी तरुण चित्रकारांच्या तुकड्या मध्य प्रदेशातील खेड्यांत पाठविल्या. १९८१ साली त्यांतील एका तुकडीस पाटनगढात जनगढचे भिंतीवरील काम दिसले. मुलगा गरिबीमुळे शाळा सोडलेला, म्हशी राखणारा. स्वामिनाथनांनी त्यास भोपाळास आणविले, कागद दिला, शहरातील बाटलीबंद रंग दिले.

येथे एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. मंडल्याच्या गोंड व परधान स्त्रिया अंगणात व ओट्यावर डिगना नावाच्या रेघांच्या आकृती काढीत, भिंतीवर मातीच्या उठावाची पाने, फुले, पाखरे घडवीत. पांढरी माती, गेरू, पिवळी व काळी माती, एवढीच त्यांची पेटी. ही कला जुनी. परंतु बडादेवाचे चित्र कोणी काढीत नसे. तो साजाच्या झाडात, त्या झाडाखालच्या दगडात, आणि गाण्यात. त्यास तोंड, हात, डोळे नव्हते. जनगढपुढे कोरा कागद आला तेव्हा भिंतीवरील पाने-फुलांवर तो थांबला नाही. त्याच्या कुळाच्या गाण्यांत जे जे होते ते त्याने काढावयास घेतले, आणि शतकानुशतके ज्या देवांस केवळ सूर होता त्यांस प्रथमच रूप आले. म्हणून मी म्हणतो की हे भिंतीवरून कागदावर आलेले नक्षीकाम नव्हे. भिंतीने हात दिला, गाण्याने विषय दिला.

ज्यास आपण ‘निसर्गचित्र’ म्हणतो तेही या गाण्याच्या वाटेनेच येथे आलेले आहे. सृष्टीच्या उत्पत्तीचे परधानांचे गाणे घ्या. सगळीकडे पाणी, बडादेवास माती हवी. तो आपल्या अंगाच्या मळाचा कावळा करून त्यास मातीच्या शोधास धाडतो. कावळा दमून एका काठीवर बसतो. ती निघते पाण्यातून वर आलेली खेकड्याची नांगी. खेकडा त्यास पाताळात नेतो. तेथे गांडुळाने सगळी माती गिळून ठेवलेली. ती त्याच्याकडून ओकवून घेतात. मग कोळी पाण्यावर जाळे विणतो आणि त्या जाळ्यावर माती पसरून पृथ्वी होते. पहा, या कथेतील एकही पात्र स्वर्गातले नाही. कावळा, खेकडा, गांडूळ, कोळी. ज्याचे शेत आहे त्यास हे चौघे पावसाळ्यात रोज भेटतात. शहरी चित्रकार लांब उभा राहून डोंगर, झाड, झोपडी असे दृश्य काढतो. परधानाच्या चित्रात दृश्य नाही, पात्रे आहेत. झाड हेही पात्र, गांडूळ हेही पात्र. त्यामुळे तेथे जवळचे मोठे व लांबचे लहान असा हिशेब नाही, सावली नाही, क्षितिज नाही. गाण्यात तरी कोठे असते?

आणि ते ठिपके! चित्रातील प्राण्याचे अंग रिकामे सोडावयाचे नाही, ते बारीक खुणांनी भरून काढावयाचे, ही जनगढने घातलेली वाट. काही खुणा अंगावरील गोंदणासारख्या आहेत. त्याच्यामागून आलेल्या प्रत्येक चित्रकाराने आपली आपली खूण निवडली: कोणी खवल्यांची, कोणी थेंबांची, कोणी चंद्रकोरीची, कोणी साखळीची. खुणेवरून चित्रकार ओळखावा. माझा समज असा की हे गाण्याच्या सवयीचेच दुसरे रूप आहे. कथागायकाचे गाणे ज्यांनी रात्रभर ऐकले आहे त्यांस ठाऊक असेल की कथा पुढे जाते, परंतु वाद्यावरची ओळ तीच ती, फिरून फिरून, शेकडो वेळा येते; ऐकणारा प्रथम कंटाळतो, मग डुलू लागतो, आणि मग त्या ओळीवाचून कथा त्यास नको वाटते. चित्रातील आकृती ही कथा, आणि आतली भरणी ही गजाची ये-जा. तज्ज्ञांनी हे मान्य करावे असा माझा आग्रह नाही. परंतु किंगरी ऐकून आल्यावर ही चित्रे पाहावीत, आणि मग सांगावे.

जनगढचे पुढचे आयुष्य थोडक्यात सांगतो. १९८६ साली त्यास मध्य प्रदेश सरकारचा शिखर सन्मान मिळाला. १९८९ साली पॅरिसच्या ‘मॅजिशियन्स द ला तेर’ या गाजलेल्या प्रदर्शनात त्याची चित्रे होती. भोपाळच्या नव्या विधान भवनाच्या भिंती त्याने रंगविल्या. ती इमारतही कोरियांचीच, १९९६ साली पुरी झालेली. पाटनगढहून त्याने भावाबहिणींची, नातलगांची मुले भोपाळास आणली, आपल्या चित्रांत भरणी करावयास बसविली, आणि अशा रीतीने एक घराणे उभे राहिले. त्यास आता ‘जनगढ कलम’ म्हणतात. जुलै २००१ मध्ये जपानातील निगाता प्रांतात, तोकामाची येथील मिथिला संग्रहालयात चित्रे काढण्यासाठी गेला असता, त्याने तेथेच आपले जीवन संपविले. वय चाळिशीच्या आसपास.

या मृत्यूविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. मी त्यात भर घालीत नाही. मला एवढेच दिसते की जुन्या करारात यजमान तीन वर्षांनी का होईना, परधानास घरी ठेवून घेई, त्याची गोष्ट शेवटपर्यंत ऐके, आणि त्याचे परतणे केव्हा हे दोघांसही ठाऊक असे. नवा यजमान श्रीमंत खरा. तो चित्र घेतो. गोष्ट ऐकण्यास त्यास सवड असतेच असे नाही.

घराणे मात्र खुंटले नाही. जनगढचा पुतण्या भज्जू श्याम लंडनला एका उपाहारगृहाच्या भिंती रंगविण्यास गेला, आणि परत येऊन त्याने जे पाहिले ते ‘द लंडन जंगल बुक’ या पुस्तकात चित्रांनी सांगितले. हे पुस्तक २००४ सालचे. त्यात बिग बेनचे घड्याळ म्हणजे कोंबडा. कारण वेळ सांगतो तो कोंबडा. भुयारातून धावणारी आगगाडी म्हणजे गांडूळ. इकडे हसू येते, परंतु उत्पत्तीच्या गाण्यातील ते गांडूळ ज्यास ठाऊक आहे त्यास कळेल की भज्जूने विनोद केलेला नाही. पोटात सगळे जग घेऊन जमिनीखालून जाणारा प्राणी त्यास आजोबापणजोबांपासून माहीत होता. २०१८ साली त्यास पद्मश्री मिळाली.

आपणां मराठी श्रोत्यांस याहूनही जवळचे असे एक पुस्तक आहे. दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम या परधान दांपत्याने २०११ साली ‘भीमायन’ हे चित्रमय पुस्तक केले. कथेची मांडणी श्रीविद्या नटराजन आणि एस. आनंद यांची. विषय डॉक्टर बाबासाहेब आंबेडकरांचे चरित्र. लहानपणी तहानलेला भीमा, मसूरच्या स्थानकावर अडकून पडलेली मुले, १९२७ चे महाडचे चवदार तळे, हे सारे तेथे माशांनी, पाखरांनी, झाडांनी सांगितले आहे. चित्रकथांत असतात तशा चौकटी या दांपत्याने नाकारल्या. त्यांऐवजी डिगन्याच्या वळणदार रेघांनी पान विभागले. ज्याचे बोलणे सौम्य त्याच्या शब्दांभोवती पाखराचा आकार. ज्याच्या बोलण्यात विष त्याच्या शब्दांस विंचवाची नांगी. ज्या मराठी मुलुखातील हा इतिहास, तेथील चित्रकारांस ही विंचवाची नांगी सुचली नव्हती. थोरल्याच्या दारी गाऊन खालच्या पायरीवर बसणाऱ्या कुळास ती सुचली. दुर्गाबाईंस २०२२ साली पद्मश्री देण्यात आली.

महाराष्ट्रात याच जातीचे दुसरे उदाहरण वारल्यांचे. त्यांच्याकडे लग्नाचा चौक सवाष्णी भिंतीवर तांदळाच्या पिठाने काढतात तेव्हा धवलेरी शेजारी बसून गाते, आणि तारपा वाजविणाऱ्याभोवती नाचणाऱ्यांची ती प्रसिद्ध गोल माळ तर सर्वांनी पाहिली आहे. जिव्या सोमा मशे यांनी ती कागदावर आणली. २०११ साली त्यांस पद्मश्री मिळाली, २०१८ साली ते वारले. परंतु तेथे वाद्य चित्रात दिसते. परधानांच्या चित्रात बाना काढलेला असतोच असे नाही. तो काढण्याची गरज नसावी.

मग आमच्या परधानांनी चित्रे का काढली नाहीत? हा प्रश्न मला पुष्कळ वर्षे छळीत आहे. गाणे आमच्याकडे आहे. दिवाळीच्या दंडारीत मोरपिसांचे टोप घालून गुसाडी आजही नाचतात. मार्लवाईच्या कनक राजूंस त्या नृत्यासाठी २०२१ साली पद्मश्री मिळाली. रान आहे, येन आहे, गांडूळ आहे. आमच्याकडे स्वामिनाथन आले नाहीत, हे एक उत्तर. दुसरे उत्तर मी मघाशीच सांगितले. आमच्याकडे लाल शाई होती. तिसरे असे की आमचे परधान अजून काही ठिकाणी गातात. पाटनगढात बाना जवळजवळ मुका झाल्यावर चित्र बोलू लागले. जेथे किंगरी अजून वाजते तेथे ती खाली ठेवून कागद घ्या असे सांगणारा मी कोण? तरी ती किती दिवस वाजेल, हेही दिसते आहे.

शिंगांत झाड फुटलेले जनगढचे हरिण मी प्रथम पाहिले ते एका पुस्तकात, शाळेतील त्या प्रसंगास दहाबारा वर्षे लोटल्यावर. पुस्तक मिटून मी बराच वेळ बसून राहिलो. तोवर माझी बदली झालेली होती.

तीन वर्षांपूर्वी गडचांदूरच्या आठवडी बाजारात एका ट्रकचालकाने मला नमस्कार केला. मी ओळखले नाही. त्याने नाव सांगितले. तोच मुलगा. आता त्याची मुले शाळेत जातात. मी विचारले, चित्र काढतोस काय? तो हसला व नाही म्हणाला. मला त्या फुलीविषयी बोलावयाचे होते. बोलणे झाले नाही. आज्याची किंगरी कोठे आहे, एवढे विचारले. आजा गेला, ती काकाच्या घरी खुंटीवर आहे, पौषात जंगुबाईला जाताना काढतात आणि काका वाजवितो, असे तो म्हणाला. घोडा आता पंचक्रोशीत कोणाकडे राहिला नाही, त्यामुळे तुटलेल्या तारेच्या जागी त्यांनी मासे धरण्याच्या गळाची नायलॉनची दोरी ओढली आहे. दोन तारा केसांच्या, एक नायलॉनची. सूर लागतो काय, असे मी विचारले. लावावा लागतो, गुर्जी, असे तो म्हणाला, आणि ट्रक रस्त्यात उभा होता म्हणून घाईने निघून गेला.